अबोल्याचा रकाना कुठे आहे?

प्रति,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, नवी दिल्ली,
इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस, देवनार, मुंबई,
आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा सांख्यिकी आयोग, न्यूयॉर्क

सप्रेम नमस्कार.

तिसऱ्या पत्त्यावर मराठी वाचणारं कुणी असेल का, मला शंका आहे. तरी पत्र मराठीतच लिहिते आहे. तुमच्या प्रश्नांचं आमच्या उंबऱ्यावर काय होतं, ते मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येणार नाही.

मी गडहिंग्लज तालुक्यात बायकांच्या तक्रारी ऐकायचं काम करते. कागदावर मी समुपदेशक आहे. बायका म्हणतात, 'ती ऐकून घेणारी बाई'. त्याआधी काही वर्षं मी घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरत असे. एका घरी शेवटच्या पानांवर आलो. पोराला शेजारी धाडलं, दार लोटून घेतलं आणि प्रश्न वाचले. नवऱ्याने चारचौघांत तुमचा पाणउतारा केला का? तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या कुणाला इजा करीन अशी धमकी दिली का? तुमचा अपमान केला का, तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटेल असं वागला का? तिन्हींना ती म्हणाली, नाही. मी तीन वेळा 'नाही'वर खूण केली. मग तिने चहा टाकला. कप हातात देताना म्हणाली, "ताई, तुमच्या कागदात ते न्हाई का ओ?"

"काय?"

"बोलत न्हाईत माझ्यासंगं. दोन वर्षं झाली. पोराला मधी घालत्यात. तुझ्या आईला सांग जेवाय वाढ म्हनून."

घरात तीनच माणसं. जेवताना, दुखलंखुपलं तरी, तिचा बाप वारला त्या दिवशीसुद्धा, एक शब्द नाही. का, तर तिने एकदा माहेरच्या जमिनीच्या कागदावर त्याला न विचारता सही केली होती.

मी फॉर्म चाळला. अबोल्याला रकाना नव्हता. ती बाई 'हिंसा नाही' या बाजूला मोजली गेली आणि ती खूण माझ्या हातची आहे. या पत्रामागचं कारण एवढंच. ते सर्वेक्षण कुणाचं होतं हे सांगत नाही, कारण दोष त्या एका सर्वेक्षणाचा नाही. हेच तीन प्रश्न थोड्याफार फरकाने जगातल्या डझनावारी देशांत विचारले जातात.

आता आकड्यांकडे येते. मंत्रालयासाठी देवनारची संस्था करते त्या आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २८ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण सांगितली आणि १४ टक्के बायकांनी भावनिक हिंसा. म्हणजे मार खाणाऱ्या जितक्या, त्यांच्या निम्म्याच बायकांना टोचून बोलणं ऐकावं लागतं. हे वाचून मी हसले होते. इतक्या वर्षांत न बोलता, न शिव्या देता, नुसताच हात उचलणारा नवरा मी एकही पाहिलेला नाही. आधी तोंड सुटतं, हात नंतर सुटतो. बहुतेक घरांत तर हात सुटतच नाही, कारण तोंडावर काम भागतं.

त्याच दशकात, २०१४ साली, युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २८ देशांतल्या ४२,००० बायकांच्या मुलाखतींचा अहवाल काढला. त्यात वयाच्या पंधराव्या वर्षापासून जोडीदाराकडून मानसिक हिंसा झालेल्या बायका ४३ टक्के निघाल्या. तिकडे ४३, इकडे १४. यावरून भारतातली बाई युरोपातल्या बाईपेक्षा तिपटीने सुखी आहे असं कुणी म्हणेल का? त्यांची यादी लांब होती. चारचौघांतला पाणउतारा वेगळा आणि बंद दाराआडचा वेगळा विचारला होता. घराबाहेर जाऊ न देणं, गाडीच्या किल्ल्या काढून घेणं, कोंडून ठेवणं, मुलांना इजा करायची धमकी देणं, हे सगळं त्यात होतं. आपण तीन प्रश्न विचारले. त्यांनी हातभर पट्टी लावली, आपण वीतभर, आणि कापडाची लांबी शेजारी शेजारी छापली.

पट्टी बदलली की काय होतं, ते शेजारच्या बांगलादेशात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०११ मध्ये बायकांवरच्या हिंसेची पाहणी केली तेव्हा मानसिक हिंसेचा आकडा ८० टक्क्यांच्या वर गेला होता. २०१५ च्या पाहणीत भावनिक हिंसा निघाली २९ टक्क्यांच्या आसपास. चार वर्षांत बांगलादेशी नवरे सुधारले नव्हते. दुसऱ्या खेपेला 'नियंत्रण' हा भाग भावनिक हिंसेतून काढून वेगळा मोजला, आणि त्या वेगळ्या रकान्यात ५५ टक्के बायका सापडल्या. कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, माहेरी कधी जायचं हे नवऱ्याने ठरवणं एका वर्षी हिंसेत होतं, दुसऱ्या वर्षी तिच्या शेजारी जाऊन बसलं. आपल्याकडे ते पहिल्यापासूनच शेजारी आहे. नवरा संशय घेतो का, मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरचा संबंध तोडतो का, कुठे आहेस हे सतत विचारतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवतो का, हे आपण विचारतो. उत्तरं गोळा होतात, वेगळ्या तक्त्यात छापली जातात आणि १४ टक्क्यांत त्यांचा पत्ता नसतो.

मी सीमाभागात राहते, म्हणून आणखी एक आकडा रोज डोळ्यांसमोर असतो. आमच्याकडे निपाणी-चिकोडीकडच्या बायकाही येतात. बोली तीच, देवदेव तेच, जाचही तोच. पाचव्या फेरीत नवऱ्याच्या शारीरिक वा लैंगिक हिंसेचं प्रमाण महाराष्ट्रात २५ टक्के आहे, कर्नाटकात ४४. चौथ्या फेरीत कर्नाटकाचा आकडा २१ च्या आत होता. निपाणीच्या नवऱ्यांत चार वर्षांत दुपटीचा फरक पडलेला मला तरी दिसला नाही. मारहाणीचं वळ दिसणारं मोजमाप इतकं हलत असेल, तर ज्याचा वळही उठत नाही त्याच्या मोजमापावर किती भरवसा ठेवायचा, हे तुम्हीच सांगा.

न्यूयॉर्ककरांना माझी तक्रार वेगळी आहे. २०१५ मध्ये जगाने शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. त्यातला ५.२.१ हा निर्देशक तुमचाच शब्द आहे: १५ वर्षं आणि त्यापुढच्या, जोडीदार असलेल्या किंवा होता अशा बायकांपैकी किती जणींना गेल्या १२ महिन्यांत जोडीदाराकडून शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक हिंसा सोसावी लागली. तीन शब्द आहेत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाचा आकडा जाहीर केला, तेव्हा जोडीदार असलेल्या किंवा होता अशा १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात कधीतरी हिंसा सोसलेल्या २७ टक्के आल्या, पण तो आकडा पहिल्या दोन शब्दांचाच होता. तिसरा शब्द गाळावा लागला, कारण मानसिक हिंसा कशाला म्हणायचं आणि किती झाली की म्हणायचं, यावर देशांचं एकमत नाही. निर्देशक ठरला तेव्हा नव्हतं, अजूनही नाही. मुदत २०३० ची आहे.

आणि एकमत होणं अशक्य आहे, असंही नाही. २००५ मध्ये अहवाल निघालेल्या पाहणीत जागतिक आरोग्य संघटनेनेच १० देशांतल्या २४,००० हून अधिक बायकांशी एकाच साच्यातून बोलून दाखवलं होतं. जपानपासून इथिओपियापर्यंत, समोआपासून पेरूपर्यंत. अपमान, पाणउतारा, मुद्दाम घाबरवणं, धमकी हे चार प्रश्न आणि नियंत्रणाचे सात. त्या सातांत एक प्रश्न होता: नवरा तुमच्याकडे दुर्लक्ष करतो का, तुमची पर्वा नसल्यासारखं वागतो का? अबोल्याच्या जवळ जाणारा तेवढा एकच. आपल्या यादीत तो घेतला गेला नाही. त्या १० देशांत भारत नव्हता. भावनिक हिंसेचं प्रमाण ठिकाणाप्रमाणे २० ते ७५ टक्के आलं. फरक मोठा आहे, पण पट्टी एक होती, म्हणून त्या फरकावर बोलता तरी येतं.

आता भाषेचं. 'स्वतःबद्दल वाईट वाटेल असं वागला का' हे वाक्य कुठल्याही मराठी बाईच्या तोंडचं नाही. मी ते वाचलं की बायका म्हणत, "वाईट तर वाटतंच की." कशाचं? "नशिबाचं." हे 'हो' धरायचं की 'नाही'? आम्ही सहसा 'नाही' धरत होतो, कारण मागे अजून पानं उरलेली असायची आणि पैसे फॉर्मामागे मिळायचे. आमच्याकडच्या बाईकडे यासाठी शब्द कमी नाहीत. घालूनपाडून बोलतो. आईबापाचा उद्धार करतो. पांढऱ्या पायाची म्हणतो. भाकऱ्या मोजतो. उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नाही. सवत आणून बसवीन म्हणतो. तू गेलीस तर जीव देईन, चिठ्ठीत तुझं नाव लिहीन म्हणतो. आणि या सगळ्याला मिळून एक शब्द आहे, जाच. "मारत न्हाई ओ, पर जाच लई हाय," हे वाक्य मी महिन्याला चार वेळा ऐकते. इतका नेमका शब्द हाताशी असताना आपण 'भावनिक हिंसा' विचारतो आणि बाई गोंधळून आपल्याकडे बघते.

बरं, देवनारकरांना यादी शोधायला परदेशीही जायला नको. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा आपला कायदा २००५ चा, ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या करताना मूल नसल्यावरून, मुलगा नसल्यावरून केलेला अपमान नाव घेऊन लिहिला आहे. त्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्याच्या पहिल्या नमुन्यात रकाने आहेत: चारित्र्यावर शिंतोडे, हुंडा न आणल्यावरून अपमान, मुलगा नाही म्हणून अपमान, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, विशिष्ट माणसाला भेटू न देणं, आत्महत्येची धमकी. मी हा नमुना भरायला बायकांना मदत करते. खूण करायला रकाने मिळाले की बाई ताठ बसते. आपल्यावर जे चाललंय ते सरकारने आधीच कुठेतरी छापून ठेवलंय, हे बघूनच तिला बळ येतं. एकाच सरकारच्या एका कागदावर ही यादी आहे आणि दुसऱ्या कागदावर तीन प्रश्न. दिल्लीत या दोन कागदांची गाठ कधी पडली नाही का?

मोजणीच्या उंबरठ्याची तक्रार थोडी किचकट आहे, पण मला ती सगळ्यांत गंभीर वाटते. तीनपैकी एका प्रश्नाला, आयुष्यात एकदा जरी, 'हो' आलं की बाई भावनिक हिंसेत मोजली जाते. भांडणात एकदा 'मूर्ख आहेस' म्हटलेली आणि वीस वर्षं रोज 'वांझोटी' ऐकणारी, दोघी त्या १४ टक्क्यांत सारख्याच. याचा फायदा कोण घेतं ठाऊक आहे? "अहो, एवढ्यातेवढ्याला हिंसा म्हणायला लागले तर सगळेच नवरे आत जातील," असं म्हणणारे. त्यांना हे हत्यार आपणच दिलंय. खरं तर गेल्या १२ महिन्यांत हे वारंवार झालं, कधीतरी झालं की झालंच नाही, हे फॉर्ममध्ये विचारलेलं असतं. उत्तर तुमच्याकडे आहे, पण मथळ्यातल्या आकड्यात ते येत नाही. एका शिवीचं आणि रोजच्या जाचाचं वजन वेगळं करता येतं का, यावर अभ्यासकांनी त्या दहा देशांच्याच माहितीवरून काम केलेलं आहे. म्हणजे वाट आहे. चालायचं कुणी, एवढाच प्रश्न.

वयाचं एका ओळीत सांगते. निर्देशकाला वरची मर्यादा नाही, आपली मोजणी ४९ ला थांबते, आणि माझ्याकडे मागच्या महिन्यात ६३ वर्षांच्या आजी आल्या होत्या.

तुमचं उत्तर काय असेल याचा मला अंदाज आहे. प्रश्न बदलले तर २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासूनची मालिका तुटेल, मागचं-पुढचं जुळणार नाही. ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. म्हणून जुने तीन प्रश्न काढा असं मी म्हणतच नाही. ते ठेवा, त्यांची मालिका चालू द्या आणि शेजारी नवे प्रश्न घाला. दुसरं उत्तर असेल, आरोग्याच्या सर्वेक्षणात आधीच प्रश्न फार आहेत. तेही खरं. लसीकरण, रक्तातलं हिमोग्लोबिन, संडास, चूल हे सगळं होऊन तास उलटल्यावर आम्ही बाईला विचारतो की नवरा छळतो का. मेक्सिको २००३ पासून फक्त या विषयासाठी वेगळं राष्ट्रीय सर्वेक्षण करतो, अलीकडे दर पाच वर्षांनी. आपल्याएवढ्या देशाला ते परवडणार नाही, हे मला पटत नाही.

आणि घाईचं आणखी एक कारण आहे. ज्या अमेरिकी कार्यक्रमाच्या साच्यावर आपल्यासह कित्येक देशांची ही प्रश्नावली बेतलेली आहे, त्याचा निधी २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने बंद केला. सगळ्यांची मिळून जी वीतभर पट्टी होती, तिचाही आता भरवसा नाही. प्रत्येक देश आपापली पट्टी कापायला बसला, तर पुढची २० वर्षं आपण पुन्हा कुठल्या देशाचा आकडा मोठा यावरच वाद घालत बसू. युरोपच्या त्याच पाहणीत जोडीदाराच्या शारीरिक वा लैंगिक हिंसेचं प्रमाण डेन्मार्कमध्ये ३२ टक्के होतं आणि पोलंडमध्ये १३. तेव्हाही वाद हाच झाला, की डेन्मार्कचे पुरुष वाईट की डेन्मार्कच्या बायका मोकळ्या. तिथे निदान सगळ्यांना प्रश्न सारखे होते.

मागण्या मोजक्या आहेत.

सांख्यिकी आयोगाने मानसिक हिंसेचा एक गाभा ठरवावा: अपमान, भीती घालणं आणि धमकी, नियंत्रण, आणि बाई नसल्यासारखं वागणं. प्रत्येकाचे ठरावीक प्रश्न सगळ्या देशांत सारखे असावेत, आकडे गटागटाने वेगळे छापावेत आणि किती वेळा हे त्यांच्यासोबतच यावं. तोपर्यंत कुठल्याही तक्त्यात देशांना या बाबतीत वरखाली लावू नये.

देवनारने त्या गाभ्याला आपल्या मातीतले प्रश्न जोडावेत. घटना अहवालाच्या नमुन्यातले रकाने तयारच आहेत. मुलगा नसल्यावरून अपमान हा प्रश्न डेन्मार्कला लागणार नाही, आपल्याला लागेल, आणि तो वेगळा मोजला तर जागतिक तुलनेला धक्काही लागत नाही.

प्रश्नावलीचा मराठी मसुदा छपाईपूर्वी लोकांसमोर ठेवावा. एकच मराठी सगळीकडे चालत नाही. चंदगडला एक, धुळ्याला दुसरी, भंडाऱ्याला तिसरी बोली. प्रत्येक ठिकाणी आधी दहा-वीस बायकांना वाचून दाखवा आणि विचारा, "तुम्हाला यातून काय कळलं?" उत्तर नको, अर्थ विचारा. आम्हा फॉर्म भरणाऱ्यांना ही संधी कधीच मिळाली नाही.

मंत्रालयाने ४९ ची मर्यादा काढावी. आणि या पानांपुरते तरी मुलाखत घेणाऱ्या बाईला फॉर्मामागे नव्हे, दिवसाचे पैसे द्यावेत. घाईत असलेल्या माणसाला कुणीही आपला जाच सांगत नाही. आम्ही निघताना तिच्या हातात मदतीचा एखादा नंबर द्यावा, तोही असा की जो लावल्यावर कुणीतरी उचलेल.

पुढची प्रश्नावली पक्की करण्याआधी तुमच्यातल्या कुणाला यायचं असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजला या. त्या दिवशी बायकांना घरातून निघायला कारण असतं. बाजार उरकून दुपारी दोनच्या सुमारास त्या आमच्याकडे टेकतात, पाणी पितात, एसटीची वाट बघतात. कागद आणा, मी वाचून दाखवीन. अबोलावाली अजून येते. मुलगा आता कॉलेजला कोल्हापुरात असतो, त्यामुळे निरोप सांगायलाही घरात कुणी उरलेलं नाही. तिला तुमचा नवा प्रश्न सगळ्यांत आधी विचारून बघायचा आहे.

आपली,
एक समुपदेशक,
तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर